जीभ वाचणारं यंत्र
(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, एआयवर वीस मिनिटं बोल. पण आम्हाला कळेल असं बोल." आता एआयवर बोलायला प्रत्येकाच्या घरात एक तरी भाचा आहे, आणि तो माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वासानं बोलतो. त्यामुळे मी सगळ्या एआयचा पसारा मांडणार नाही. त्यातला एकच लहानसा कोपरा घेते. माणूस आवाज न काढता नुसतं तोंड हलवून बोलला, तर तो काय बोलला हे यंत्राला ओळखता येईल का? हे ओळखण्यासाठी जगात काही ठिकाणी अल्ट्रासाउंड वापरून पाहिला जातो आहे. ज्याला आपण सोनोग्राफी म्हणतो, तोच.

आवाज न काढता बोलण्यात आपली बॅच किती तरबेज होती हे बाईंना वेगळं सांगायला नको. गणिताचं उत्तर शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर नुसत्या ओठांवरून पोचायचं. (हशा) आणि आपल्याकडच्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरायचा, तोही मुकाच. म्हणजे कल्पना आपल्याला नवी नाही. नवीन आहे ते एवढंच, की समोर माणसाऐवजी यंत्र बसलं आहे.

आता हा विषय मी का निवडला ते सांगते. माझ्या चुलत्यांना, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, स्वरयंत्राचा कॅन्सर झाला. मिरजेला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. अशा ऑपरेशननंतर माणूस नाकातोंडानं श्वास घेत नाही. गळ्याला पुढच्या बाजूला एक छिद्र ठेवलेलं असतं, श्वास तिथून चालतो. त्यामुळे आवाज तर जातोच, कुजबुजणंही जातं, कारण कुजबुजायलासुद्धा फुफ्फुसातली हवा तोंडातून जावी लागते. पण जीभ शाबूत असते. ओठ, दात, टाळू, जबडा सगळं जागच्या जागी असतं. आप्पा आजही जेवताना पूर्ण वाक्यं बोलतात. फक्त ती ऐकू येत नाहीत.

आयुष्यभर आडतीवर बोलून पोट भरलेला माणूस. आता खिशात छोटी वही आणि पेन. पण वहीत भांडता येत नाही हो! तुम्ही लिहून होईस्तोवर समोरच्याचा विषय बदललेला असतो. मी गेल्या दिवाळीला गावी आले तेव्हा त्यांनी वहीत लिहून विचारलं, "तुझ्या कंप्युटरला माझी जीभ वाचता येते का?" मी वैद्यकीय प्रतिमांच्या सॉफ्टवेअरवर काम करते, म्हणून त्यांना वाटलं असेल. त्यांना द्यायचं उत्तर शोधता शोधता जे वाचलं, समजून घेतलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

आधी यंत्र काय करतं ते. सोनोग्राफीचा प्रोब पोटाऐवजी हनुवटीखाली, मऊ भागाला लावायचा. थोडं जेल लावायचं. आपल्या कानाला २० हजार हर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही. हा प्रोब काही दशलक्ष हर्ट्झच्या लहरी वर सोडतो. शरीराच्या मऊ भागातून त्या सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगानं जातात. जिभेच्या स्नायूतून वर गेल्या की पुढे हवा लागते, आणि हवेला भिडली की लहर जवळजवळ सगळी परत फिरते. हनुवटीपासून जिभेच्या पाठीपर्यंत सात-आठ सेंटिमीटर अंतर धरलं, तर जाऊन परत यायला एक हजारांश सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो. म्हणून पडद्यावर जिभेची वरची कड एका पांढऱ्या वळणदार रेघेसारखी दिसते, आणि ती बोलताना नाचते. सेकंदाला साठ, ऐंशी चित्रं सहज मिळतात. एक्स-रेसारखा किरणांचा त्रास नाही. बोलताना जीभ कशी हलते हे पाहायला भाषाशास्त्रज्ञ ही पद्धत कित्येक वर्षं वापरत आले आहेत.

त्यातून शब्द काढायचं काम कॉम्प्युटरचं. फ्रान्समध्ये ब्रूस डेन्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच जिभेच्या अशा चित्रांवरून आवाज तयार करायचे प्रयत्न सुरू केले. जिभेसाठी अल्ट्रासाउंड आणि ओठांसाठी साधा कॅमेरा, अशी जोडी. त्यांनी इंग्रजी वाक्यांचा एक संच सगळ्यांसाठी खुला केला. त्याच्यावर आधी शंभरातले सतराच्या आसपास शब्द चुकत होते. २०१८ मध्ये नव्या पद्धतीच्या न्यूरल नेटवर्कनं ते प्रमाण साडेसहाच्या आत आणलं. ऐकायला छान वाटतं. पण त्या संचात बोलणारी व्यक्ती एकच आहे, हे लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी, २०१९ ला, जपानमध्ये जुन रेकिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सोट्टो व्होचे' नावाचं यंत्र दाखवलं. हनुवटीखाली प्रोब, माणूस आवाज न काढता आज्ञा 'बोलतो', कॉम्प्युटर चित्रांवरून आवाज बनवतो, आणि तो आवाज ऐकून घरातला साधा, बाजारात मिळणारा स्मार्ट स्पीकर काम करतो. स्पीकरमध्ये काहीही बदल केलेला नाही. मला या सगळ्यात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडली.

आता मराठीकडे येऊ. इथे आपल्या पहिलीच्या बाईंना पूर्ण गुण द्यावे लागतील, कारण हे समजून घ्यायला मला इंजिनिअरिंगची पदवी उपयोगी पडली नाही, फळ्यावरची वर्णमाला पडली.

वर्णमाला आठवा. क, ख, ग, घ, ङ ही एक ओळ. च, छ, ज, झ, ञ दुसरी. ट-ठ-ड-ढ-ण, त-थ-द-ध-न, प-फ-ब-भ-म. प्रत्येक ओळ म्हणजे तोंडातली एक जागा. क-वर्ग मागे कंठाजवळ, मग टाळू, मग वर वळलेली जीभ, मग दात, शेवटी ओठ. आणि उभे रकाने? त्यात जागा बदलत नाही. क आणि ग यांत जीभ त्याच ठिकाणी टेकते. ग म्हणताना स्वरतंतू कंप पावतात, क म्हणताना नाही. ख म्हणताना हवेचा जोर जास्त. ङ म्हणताना पडजीभ खाली येऊन हवा नाकातून जाते. सोनोग्राफीच्या चित्रात स्वरतंतू नाहीत, हवेचा जोर नाही, पडजीभही नाही. म्हणजे सरळ सांगायचं तर हे यंत्र वर्णमालेची आडवी ओळ वाचतं. उभा रकाना त्याला दिसत नाही.

प्रयोग करून बघा. शेजारच्याकडे तोंड करा, आणि आवाज अजिबात न काढता म्हणा: कडी, खडी, गडी, घडी. (सभागृहात हशा) ओळखलं का कुणी? आता म्हणा: पार, फार, बार, भार, मार. पाचही खरे शब्द, पाचही वेळा ओठ तसेच मिटतात. बाबा, मामा, पापा या तिघांत कॅमेऱ्याला काडीचा फरक दिसत नाही. ताट, थाट, दाट हेही तसंच.

मग यंत्र ओळखतं कसं? आपण ओळखतो तसंच, मागच्या-पुढच्या शब्दांवरून. "दाराची कडी लाव" यात गडी बसत नाही. "रस्त्यावर खडी टाकली" यात घडी बसत नाही. लाखो वाक्यं वाचलेलं भाषेचं मॉडेल हा अंदाज बऱ्यापैकी बांधतं. अडतं ते नावांपाशी. माणसांची नावं, गावांची नावं, आडनावं. त्यांना संदर्भ वाचवू शकत नाही. आणि घरातला म्हातारा माणूस दिवसभरात सगळ्यात जास्त काय उच्चारत असेल, तर नावं.

उलट काही ठिकाणी जिभेचं चित्र कानापेक्षा बरं पडेल. फोनवर "सात की साठ?" हा प्रश्न आपण किती वेळा विचारतो! कारण त आणि ठ कानाला जवळ वाटतात. पण ते वेगळ्या ओळीतले आहेत. त ला जीभ दाताला लागते, ठ ला मागे वळते. काल आणि काळ, माल आणि माळ यांतही जिभेचा आकार बदलतो. एक अडचण मात्र आहे. जिभेचं टोक वर उचललं की त्याच्याखाली हवेची पोकळी तयार होते, आणि लहर तिथूनच परत फिरते. जबड्याच्या हाडाची सावलीही टोकावरच पडते. त्यामुळे ळ म्हणताना नेमकं टोकच चित्रातून नाहीसं होतं, आणि उरलेल्या जिभेच्या वळणावरून ओळखावं लागतं. आपला लाडका ळ कॉम्प्युटरला असाही छळतो आणि तसाही.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे. अशा यंत्राला शिकवायचं कसं? त्याला हजारो जोड्या दाखवायच्या: हे जिभेचं चित्र, हा त्या वेळचा आवाज. आप्पांकडे आता दुसरा भाग उरलेलाच नाही. त्यांना समोर छापील वाक्यं ठेवून ती मुक्यानं वाचायला लावायची, तासन्‌तास, आणि चित्र-अक्षर अशी जोडी लावायची. दुसऱ्या कुणाच्या जिभेवर शिकवलेलं यंत्र त्यांना तसंच्या तसं चालत नाही, कारण प्रत्येकाचा जबडा वेगळा, टाळू वेगळी. प्रोब काढून उद्या परत लावला आणि थोडा तिरका बसला, तरी चित्र बदलतं. शिवाय माणूस आवाज काढून बोलतो तेव्हा जीभ जितकी हलवतो, तितकी मुक्यानं बोलताना हलवत नाही. आळस करतो. स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नसलं की उच्चार सैल होतात.

तरी म्हटलं, निदान एकदा आप्पांच्या हनुवटीखाली प्रोब लावून बघू. आता खिशात मावणारे, मोबाईलला जोडायचे प्रोब निघाले आहेत. घरी आणता येईल का? उत्तर मिळालं: नाही. आणि या उत्तराबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण हे उत्तर आपल्याच भागात लिहिलं गेलं आहे असं मी मानते.

गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, १९८८ मध्ये. मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला, २००३ पासून तो आणखी कडक झाला. त्यानुसार गर्भ दाखवू शकेल असं कोणतंही सोनोग्राफी यंत्र नोंदणी झालेल्या जागेतच असावं लागतं. मशीन तुम्ही हृदयासाठी वापरा, स्नायूंसाठी वापरा, नोंदणी हवीच. विकणाऱ्यानंही नोंदणी नसलेल्याला ते विकायचं नाही. फिरत्या, हातातल्या यंत्रांवर तर आणखी बंधनं आहेत. जीभ बघायची आहे म्हणून घरात प्रोब ठेवतो, असं म्हणता येत नाही.

हे असं का, ते आपल्याला बाहेरच्यांनी सांगायला नको. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे सांगली जिल्ह्यात ८५१ मुली होत्या, कोल्हापुरात ८३९. ऊस आहे, पाणी आहे, कारखाने आहेत, शिक्षणसंस्था आहेत, आणि हे आकडे आहेत. शेजारच्या साताऱ्यात २०११ साली 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. २०१७ च्या मार्चमध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या म्हैसाळला १९ भ्रूण सापडले. कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाची पेटी बसवायला लावली होती, यंत्रावर काय काय पाहिलं गेलं याची नोंद ठेवणारी. डॉक्टरांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये न्यायालयानं ती पेटी योग्य ठरवली. मी तीन बहिणींतली तिसरी. पंधरा वर्षं उशिरा माझी पाळी आली असती तर, हे वाक्य मी पुरं करत नाही.

तेव्हा माझ्या आप्पांच्या सोयीसाठी त्या कायद्याला फट पडावी असं मला वाटत नाही. आमच्या क्षेत्रातले काही तरुण मित्र या कायद्याला संशोधनातला अडथळा म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगते, की तुमच्या आधी या यंत्राचा वापर ज्यांनी केला त्यांनी हा अडथळा उभा केला आहे, सरकारनं नव्हे. जिभेवरचं काम करायचं तर नोंदणीकृत रुग्णालयात, डॉक्टरांबरोबर, कागद भरून करावं. होतं ते.

पण घरात वापरायचं यंत्र हवं असेल तर रस्ता दुसरा आहे, आणि मला तोच जास्त आशेचा वाटतो. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात २०२३ मध्ये 'इकोस्पीच' नावाचा चष्मा दाखवला गेला. चष्म्याला चिमुकले स्पीकर आणि माइक. स्पीकर २० हजार हर्ट्झच्या आसपासचा, जवळजवळ ऐकू न येणारा आवाज चेहऱ्याकडे सोडतात. ओठ आणि गालाची त्वचा हलेल तसा प्रतिध्वनी बदलतो, माइक तो टिपतात. वटवाघळाचीच युक्ती. शरीराच्या आत काही जात नाही, चित्र निघत नाही, त्यामुळे गर्भ दिसण्याचा प्रश्नच नाही. जेल नको, कॅमेराही नको. तो चष्मा ३१ आज्ञा ओळखत होता, शंभरात चार-पाच चुका करत. ३१ शब्दांत भांडता येत नाही हे खरं. पण पाणी, चहा, औषध, दुखतंय, दार लाव, टीव्ही बंद कर, एवढं येतं. आप्पांना हे सांगितल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, "त्यात 'गप बस' घाल." (हशा)

एक शंका इथे नक्की कुणाच्या तरी मनात येईल, म्हणून आधीच सांगते. ही यंत्रं मनातलं वाचत नाहीत. तुम्ही जीभ-ओठ हलवले तर आणि तरच त्यांना काही मिळतं. मनात कुणाला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा.

आता उपयोगाचं. अशा यंत्रासाठी थांबायची गरज नाही असे उपाय आजही आहेत. गळ्याला लावायचं विजेवर चालणारं कंपक असतं. त्याचा आवाज भुंग्यासारखा, एकसुरी येतो. आप्पांनी ते एकदा वापरलं, धाकटा नातू घाबरला, तेव्हापासून कपाटात आहे. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवायची छोटी झडप असते. ती बऱ्याच जणांना चांगली लागू पडते, पण स्वच्छ ठेवावी लागते आणि ठरावीक काळानं बदलावी लागते. बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी तर पन्नासेक रुपयांत बसेल अशी 'ओम' नावाची झडप तयार केली. ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना यातलं काय शक्य आहे ते विचारा. आमच्या घरी हा प्रश्न विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं, आणि त्या घाईत सुचतही नाही.

दुसरं, कुणाचा आवाज जाणार असं ठरलं असेल, तर ऑपरेशनच्या आधी तो रेकॉर्ड करून ठेवा. साधा मोबाईल चालतो. पंखा बंद करा, खिडकी लावा, आणि त्यांना बोलू द्या. वर्तमानपत्र वाचायला लावू नका. माणसं वाचताना वेगळीच होतात. घरातल्या सगळ्यांची नावं हाका मारून म्हणायला सांगा, शिव्यासुद्धा घेऊन ठेवा, पाढे म्हणायला सांगा. आज कॉम्प्युटरला थोड्या रेकॉर्डिंगवरून त्या माणसासारखा आवाज तयार करता येतो. जेवढं जास्त तेवढा तो खरा. उद्या चष्मा आला काय, प्रोब आला काय, मोबाईलवर टाइप केलं काय, निघणारा आवाज त्यांचा स्वतःचा असेल. आमच्याकडे आप्पांचा एका लग्नातल्या व्हिडिओतला दीड मिनिटाचा तुकडा आहे, आणि त्यातही मागे बँड वाजतो आहे.

तिसरं, घोगरा झालेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो स्टँडच्या बाहेर मिळतो, हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, किमतीसकट. आणि बायकांनो, मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. दात घासायची वस्तू म्हणून ती मोजायची राहून जाते.

आपल्या बॅचमधल्या एका मित्राच्या वडिलांचं असंच ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. मी उद्या दुपारपर्यंत गावात आहे, चांगला माइक बरोबर आणला आहे. उद्या सकाळी नऊला त्यांच्या घरी बसायचं ठरलं आहे. आणखी कुणाच्या घरी गरज असेल तर चहाच्या वेळी मला भेटा, वेळ काढू.